सेनापती बापट यांची विद्यार्थिदशा

आमच्या वार्षिक स्मरणिकेत दरवर्षी एका थोर पुरुषाचे चरित्र देण्याचा प्रघात आहे. थोरांच्या आयुष्याचा उत्तरार्ध बहुधा सर्वांस ठाऊक असतो. पूर्वार्ध मात्र जन्मगाव, शाळा आणि पदवी एवढ्या तीन शब्दांत उरकला जातो. सेनापती बापट यांचे नाव आपण मुंबईत आणि पुण्यात रस्त्यांच्या पाट्यांवर रोज वाचतो. मुळशीचा सत्याग्रह म्हटला की ते आठवतात, हातात झाडू घेतलेली त्यांची मूर्ती आठवते. परंतु हा पुरुष सेनापती होण्यापूर्वी एक हुशार, होतकरू आणि शिष्यवृत्तीवर शिकणारा विद्यार्थी होता, आणि विद्यार्थी असतानाच राजकीय मंडळांत शिरून त्याने ती शिष्यवृत्ती गमावली, ही गोष्ट आपल्यापैकी थोड्यांच्याच ध्यानात असेल. यंदा आम्ही मुद्दाम त्या भागाकडे वाचकांचे लक्ष वेधीत आहोत. त्यास कारणही तसेच आहे.

आपले मंडळ गरजू विद्यार्थ्यांस शिष्यवृत्ती देते. तिच्या अर्जावर एक जुनी अट छापलेली असते, ती अशी की शिष्यवृत्ती घेणाऱ्या विद्यार्थ्याने कोणत्याही राजकीय पक्षाच्या कार्यात भाग घेऊ नये. ही अट कोणी व केव्हा घातली हे आज कोणाच्या स्मरणात नाही. गेल्या वर्षी एका गुणी विद्यार्थ्याने आपल्या महाविद्यालयातील एका पक्षाच्या विद्यार्थी-शाखेत नाव नोंदविले आणि ती गोष्ट त्याने स्वतःच पत्राने आम्हांस कळविली. समितीत दोन तट पडले. एका बाजूचे म्हणणे असे की अट ती अट. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की ज्याने खरे सांगितले त्यालाच शिक्षा करणे हे आम्हांस शोभणार नाही. निर्णय काही लागला नाही. अट ठेवावी की काढावी हा प्रश्न आता येत्या सर्वसाधारण सभेपुढे यावयाचा आहे. त्यापूर्वी सभासद कुटुंबांनी हे चरित्र वाचावे अशी आमची इच्छा आहे.

पांडुरंग महादेव बापट यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० रोजी तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील पारनेर या तालुक्याच्या गावी झाला. घराणे मूळचे रत्नागिरीकडचे. आईचे नाव गंगाबाई. पारनेरचा मुलूख अवर्षणाचा; पाऊस हुकला की विहिरी आटावयाच्या, गुरे विकावयाची आणि माणसांनी खडी फोडण्याच्या कामावर जावयाचे, हा तेथील नित्याचा अनुभव. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन मोठ्या दुष्काळांनी दख्खन होरपळून निघाली, तेव्हा पांडुरंग ऐन पौगंडावस्थेत होता. पुढे परदेशातील सभागृहात हिंदुस्थानच्या दारिद्र्याविषयी बोलण्यास जो तरुण उभा राहिला, त्याला तो विषय केवळ पुस्तकातून शिकावा लागला नव्हता.

प्राथमिक शिक्षण पारनेरास झाल्यावर वयाच्या बाराव्या वर्षाच्या सुमारास तो पुण्यास न्यू इंग्लिश स्कूलमध्ये दाखल झाला. लवकरच पुण्यात प्लेग आला. गोऱ्या सोजिरांकडून घरांची झडती, माणसांची उचलबांगडी, सामानाची जाळपोळ हे सर्व पुणेकरांनी भोगले. २२ जून १८९७ च्या रात्री रँडवर गोळी झाडली गेली, आणि १८९८ व १८९९ या दोन वर्षांत दामोदर, वासुदेव व बाळकृष्ण हे तिघे चाफेकर बंधू आणि त्यांचे साथीदार रानडे फाशी गेले. एकाच घरातील तीन मुलगे! त्या काळी पुण्यात शिकणाऱ्या कोणत्याही मुलाच्या मनावर याचा ठसा उमटल्याशिवाय राहिला नसेल, आणि कोणत्याही आईबापांच्या मनात धास्ती बसल्याशिवाय राहिली नसेल. प्लेगमुळे पांडुरंगाचे शिक्षण पुण्यात पुरे झाले नाही. त्याने नगरहून मॅट्रिकची परीक्षा दिली आणि संस्कृतातील प्रावीण्याबद्दल त्यास जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळाली. हा त्याचा पहिला मान. अशा मुलाविषयी घराने काय काय मनोरे रचले असतील, हे आपल्यातील कोणत्याही कुटुंबास सांगावयास नको.

१९०० सालच्या आरंभी पांडुरंगाने डेक्कन कॉलेजात पाऊल ठेवले. येरवड्याच्या वाटेवर, नदीच्या काठी, गावापासून दूर उभी असलेली ती दगडी इमारत सरकारी होती. परंतु वसतिगृहाच्या भिंती सरकारी असल्या तरी त्यांच्या आत होणाऱ्या गप्पा सरकारी असतातच असे नाही. वीस वर्षांपूर्वी याच कॉलेजात टिळक आणि आगरकर यांनी सरकारी नोकरी न पत्करता देशकार्यास आयुष्य वाहण्याचे बेत केले होते. ती कथा तेथे येणाऱ्या प्रत्येक नव्या विद्यार्थ्याच्या कानी पडत असे. दिवसा वर्गात इंग्लंडचा इतिहास शिकावयाचा, त्यात राजाची सत्ता लोकांनी कशी आवळली हे पाठ करावयाचे, आणि रात्री खोलीत दिवा बारीक करून तोच न्याय आपल्या देशास का लागू नाही यावर वाद घालावयाचा, अशी ती विद्यार्थिदशा.

याच काळात पांडुरंगाची ओळख दामोदर बळवंत भिडे यांच्याशी झाली. भिडे हे चाफेकरांच्या मंडळातले. त्यांच्या संगतीत पांडुरंगाने हाती नंगी तलवार घेऊन देशाच्या स्वातंत्र्यासाठी आमरण झटण्याची शपथ घेतली. त्या मंडळास कचेरी नव्हती, वर्गणीची पावती नव्हती, छापील नियम नव्हते. विश्वासाची दोनचार माणसे आणि एक शपथ, एवढाच त्याचा सरंजाम. आजच्या महाविद्यालयांतील पक्षांच्या विद्यार्थी-शाखा आणि हे गुप्त मंडळ यांत रूपाचे महदंतर आहे, हे आम्ही जाणतो. तथापि मूळ ओढ एकच. वीस वर्षांच्या मुलास आपले दुःख एकट्याचे नाही असे प्रथमच कळते. समवयस्कांत बसून तो जगाचा विचार करू लागतो, आणि आपण काहीतरी केले पाहिजे असे त्याच्या मनाने घेतले की त्याला सोबती लागतात. ही भूक वाईट नव्हे. तिला कोणाची संगत मिळते आणि ती कोठे नेते, हाच प्रश्न आहे.

शपथेमुळे अभ्यास सुटला असे मात्र झाले नाही. १९०३ साली पांडुरंग बी. ए. झाला. काही काळ मुंबईत शिक्षकाचे काम केल्यावर १९०४ साली त्यास मंगळदास नाथूभाई यांच्या नावाची शिष्यवृत्ती मिळाली. मुंबईच्या एका धनिक व दानशूर शेटजींच्या देणगीतून हिंदू पदवीधरांस परदेशी उच्च शिक्षणास पाठविण्यासाठी ही शिष्यवृत्ती मुंबई विद्यापीठाकडून दिली जात असे. समुद्र ओलांडणे हे ज्या काळी कित्येक घरांत पातक मानले जाई, त्या काळी एका शेटजीने आपला पैसा त्यासाठी ठेवावा, हे औदार्य लहान नव्हते. पारनेरचा मुलगा बोटीत बसला आणि स्कॉटलंडमधील एडिंबरो शहरी पोहोचला. तेथील हेरियट-वॅट कॉलेजात त्याने यंत्रशास्त्राचा अभ्यास सुरू केला. संस्कृतात मान मिळविणारा विद्यार्थी यंत्रशास्त्राकडे वळला, यात नवल नाही. देशास कारखाने पाहिजेत, कारागिरी पाहिजे, हा त्या पिढीचा ध्यासच होता.

एडिंबरोत त्यास एक निराळेच जग दिसले. राज्यकर्त्यांच्या देशात राज्यकर्त्यांवर उघड टीका करता येते, सभागृह भाड्याने घेऊन सभा भरविता येते, कामगारांचे पुढारी आणि समाजवादी मंडळी चौकात उभे राहून सरकारचे वाभाडे काढतात आणि पोलिस बाजूस उभे राहून ऐकतात! डेक्कन कॉलेजात जे दिवा बारीक करून बोलावे लागे, ते येथे भर सभेत बोलता येत होते. पांडुरंग तेथील समाजवादी मताच्या लोकांच्या बैठकींस जाऊ लागला. हिंदुस्थानातून दरवर्षी किती संपत्ती इंग्लंडात वाहून जाते याचा हिशेब दादाभाई नवरोजींनी आपल्या ग्रंथात १९०१ साली इंग्रज वाचकांपुढे ठेवला होता. तो वाद विलायतेतील हिंदी विद्यार्थ्यांत घरोघर चालू होता. अशा वातावरणात पांडुरंगास हिंदुस्थानातील ब्रिटिश राज्य या विषयावर एक निबंध वाचण्याची संधी आली. त्याने कष्ट घेऊन तो लिहिला आणि एडिंबरोच्या एका सभागृहात, आपल्या नावानिशी, स्कॉटिश श्रोत्यांसमोर वाचला. त्यात ब्रिटिश राज्याची कडक झाडाझडती होती.

येथे वाचकांनी क्षणभर थांबावे. तो निबंध वाचणाऱ्या तरुणास परिणाम ठाऊक नसतील काय? विद्यापीठ सरकारच्या छायेखाली, शिष्यवृत्ती विद्यापीठाच्या हाती, आणि निबंध सरकारच्या विरुद्ध! घरची श्रीमंती नाही, परत जाण्याचे भाडेसुद्धा पदरचे नाही. मित्रांनी सांगितले असते की परीक्षा होऊ दे, पदवी हाती येऊ दे, मग काय बोलावयाचे ते बोल. तर ते शहाणपणाचेच ठरले असते. असा सल्ला आपण आपल्या मुलांस रोज देतो, आणि तो देताना आपल्या मनात काही पाप नसते. पांडुरंगाने तो मार्ग घेतला नाही. वृत्तांत मुंबईस पोहोचला आणि शिष्यवृत्ती बंद झाली. यंत्रशास्त्राचा अभ्यास अर्ध्यावर राहिला.

या प्रसंगाचा न्याय करणे सोपे नाही. देणगीदाराने पैसा दिला तो यंत्रविद्येसाठी, व्याख्यानासाठी नव्हे, असे कोणी म्हटल्यास ते अगदीच चूक नाही. परंतु दुसरीही बाजू आहे. पांडुरंगाने अभ्यास टाकला म्हणून शिष्यवृत्ती गेली नाही. त्याने जे मत उघडपणे मांडले त्यामुळे ती गेली. विद्या दिली, पण विद्येने जे दिसू लागले ते बोलावयाचे नाही, असा तो व्यवहार झाला.

याच सुमारास विलायतेत उलट्या अटीच्या शिष्यवृत्त्याही निघाल्या होत्या, हा योगायोग मोठा बोधप्रद आहे. कच्छमधील मांडवीचे पंडित श्यामजी कृष्णवर्मा यांनी १९०५ साली लंडनमध्ये होमरूल सोसायटी स्थापन केली, एका पेनीस मिळणारे मासिक काढले आणि हायगेट भागात इंडिया हाउस या नावाने हिंदी विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले. त्यांनी व सरदारसिंह राणा यांनी तरुणांसाठी ज्या शिष्यवृत्त्या जाहीर केल्या, त्यांची मुख्य अट अशी होती की घेणाऱ्याने पुढे ब्रिटिश सरकारची नोकरी करू नये. म्हणजे एका हाताची मदत राजकारण केल्यास बंद होत होती, तर दुसऱ्या हाताची मदत सरकारची चाकरी केल्यास! राणांनी दिलेल्या शिवाजी शिष्यवृत्तीवर विनायक दामोदर सावरकर १९०६ साली लंडनला आले. शिष्यवृत्ती गमावलेले बापटही लंडनला आले आणि इंडिया हाउसच्या मंडळींत सामील झाले.

इंडिया हाउसमध्ये पंचवीस-तीस विद्यार्थ्यांची सोय होती. कोणी बॅरिस्टरीचा, कोणी वैद्यकाचा, कोणी यंत्रविद्येचा अभ्यास करणारा. मराठी, गुजराती, पंजाबी, बंगाली, तमिळ असे सर्व एका पंगतीस बसत. सावरकरांनी तेथे फ्री इंडिया सोसायटी चालविली. तिच्या साप्ताहिक सभा होत, शिवाजी महाराज आणि गुरु गोविंदसिंह यांचे उत्सव होत, आणि त्या उघड सभांतून पारखलेली माणसे आतल्या गुप्त मंडळात घेतली जात. उघड सभा हे अंगण आणि गुप्त मंडळ हे माजघर, अशी ती रचना होती. अंगणात आलेल्या प्रत्येकास माजघरात काय चालले आहे हे ठाऊक नसे. तरुणांनी आणि त्यांच्या पालकांनी राजकीय मंडळांविषयी ध्यानात ठेवण्यासारखी ही गोष्ट आहे, आणि ती सर्व काळांस लागू आहे.

बापट माजघरात गेले. १९०७ च्या सुमारास ते पॅरिसला गेले आणि तेथे बंगालचे हेमचंद्र दास व मिर्झा अब्बास यांच्यासह एका रशियन क्रांतिकारकाकडून बाँब तयार करण्याची विद्या शिकले. यंत्रशास्त्र शिकण्यास गेलेला विद्यार्थी ही विद्या घेऊन १९०८ साली स्वदेशी परतला. बाँबच्या कृतीची ती पुस्तिका बंगालमध्ये पोहोचली होती. ३० एप्रिल १९०८ रोजी मुझफ्फरपूर येथे एका न्यायाधीशावर टाकलेला बाँब दुसऱ्याच गाडीवर पडला आणि दोन निरपराध स्त्रिया मृत्युमुखी पडल्या. खुदीराम बोस हा कोवळा मुलगा फासावर गेला. कलकत्त्याच्या माणिकतला बागेत धरपकड झाली, अलीपूरचा खटला उभा राहिला, आणि एक सहकारी माफीचा साक्षीदार झाल्यामुळे बापटांस भूमिगत व्हावे लागले. बाँबचा उपयोग लोकांचे लक्ष देशाच्या दास्याकडे वेधण्यापुरताच व्हावा, असे बापट पुढे सांगत असत. परंतु विद्या एकदा हातातून सुटली की ती कोण, कोठे आणि कशी वापरील हे शिकणाऱ्याच्या हाती उरत नाही.

लंडनमध्येही याहून निराळे घडले नाही. इंडिया हाउसच्या मंडळींतील मदनलाल धिंग्रा हा यंत्रविद्येचा विद्यार्थी होता. त्याने १ जुलै १९०९ रोजी कर्झन वायली यांस गोळी घातली आणि १७ ऑगस्टला तो फाशी गेला. वय पंचविशीचे. त्याच्या घरच्यांनी त्याच्याशी संबंध तोडल्याचे जाहीर केले. ज्या देशासाठी तो गेला, त्या देशात त्याच्या अस्थी यावयास १९७६ साल उजाडले. वडिलांनी धास्तीने मुलास टाकावे, यापेक्षा राजकारणाची अधिक कडू किंमत कोणती असेल? म्हणून पालकांच्या भीतीस आम्ही भ्याडपणा म्हणणार नाही. त्या भीतीच्या पाठीशी खरी माणसे आणि खरे मृत्यू आहेत.

बापटांच्या आयुष्यास जी कलाटणी मिळाली, ती या भूमिगत वर्षांत. नाव बदलून, गावोगाव फिरत, मिळेल तेथे राहात त्यांनी देश पाहिला. आणि त्यांस असे दिसून आले की ज्या लोकांसाठी आपण शपथ घेतली, त्यांतील बहुसंख्यांस आपला देश परक्यांच्या ताब्यात आहे याची जाणीवसुद्धा नाही. डेक्कन कॉलेजची खोली, एडिंबरोचे सभागृह, हायगेटचे वसतिगृह या सर्व ठिकाणी शिकलेले लोक शिकलेल्यांशीच बोलत होते. विद्यार्थ्यांच्या मंडळाचे हेच मोठे वैगुण्य असते. तेथे तेज असते, निष्ठा असते, पण भिंतीबाहेरचा माणूस तेथे नसतो. त्याच्या नावाने ठराव होतात. त्याला मात्र त्यांची वार्ताही नसते. बापटांनी हे ओळखले आणि लोकांस जागे करणे हेच पहिले काम होय, असे ठरविले.

१९१२ साली ते पकडले गेले. सुटून पारनेरास आले. १९१४ च्या नोव्हेंबरात त्यांस पुत्र झाला, तेव्हा त्या आनंदाची पहिली पंगत त्यांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या गावकऱ्यांची बसविली. त्या काळच्या पारनेरात हे किती धाडसाचे होते याची कल्पना आमच्यासारख्या ज्ञातिसंस्थेच्या सभासदांस इतरांपेक्षा अधिक यावी. तलवारीवर शपथ घेण्यास जेवढे धैर्य लागते, त्याहून आपल्याच भावकीसमोर पान मांडण्यास कमी लागत नाही. १९१५ साली ते पुण्यास आले. चित्रमयजगत मासिकात आणि पुढे टिळकांच्या मराठा पत्रात त्यांनी काम केले. सकाळी उठून हातात झाडू घ्यावयाचा आणि रस्ता झाडावयाचा, हा त्यांचा परिपाठ झाला. १९२० च्या सुमारास मुंबईत झाडूवाल्या कामगारांची बाजू घेऊन ते उभे राहिले. विलायतेहून आलेला पदवीधर रस्ता झाडतो म्हणून हसणारेही पुष्कळ होते. परंतु गुप्त मंडळात जी गोष्ट साधली नव्हती ती झाडूने साधली: लोकांनी त्यांस आपला माणूस म्हणून ओळखले.

मग १९२१ साली मुळशी पेट्यात टाटा कंपनीच्या धरणाखाली मावळ्यांची भाताची खाचरे बुडू लागली, तेव्हा त्या शेतकऱ्यांच्या सत्याग्रहाचे नेतृत्व त्यांच्याकडे आले आणि लोकांनीच त्यांस सेनापती ही पदवी दिली. विजेची गरज मुंबईच्या गिरण्यांची, जमीन मात्र मावळ्यांची. पन्नासाच्या आसपास गावांचा तो प्रश्न होता. वारंवार तुरुंगवास झाला, चळवळ थकली, धरण झालेच. १९२४ च्या डिसेंबरात हत्यारे घेऊन आगगाडी अडविल्याबद्दल सेनापतींस सात वर्षांची शिक्षा झाली. शस्त्राचा विचार त्यांनी अजिबात सोडला असे म्हणता येणार नाही, आणि गांधीजींचा मार्ग त्यांनी जसाच्या तसा स्वीकारला असेही नाही. मात्र आता जे करावयाचे ते दिवसाउजेडी, आपल्या नावानिशी आणि शिक्षा स्वतः भोगण्याच्या तयारीने, हा त्यांचा बाणा झाला. एडिंबरोच्या सभागृहात उभा राहिलेला विद्यार्थी येथे पुन्हा दिसतो.

पुढील आयुष्य सर्वांस परिचित आहे. १९३१ साली सुटका, पुन्हा तुरुंग, १९३९ साली सुभाषबाबूंच्या फॉरवर्ड ब्लॉकमध्ये प्रवेश, तुरुंगात व बाहेर अरविंदबाबूंच्या ग्रंथांचे मराठी भाषांतर. १५ ऑगस्ट १९४७ रोजी पुण्यात राष्ट्रध्वज फडकविण्याचा मान त्यांस मिळाला. स्वातंत्र्य आले म्हणून हा सेनापती निवृत्त झाला नाही. १९५५ साली, वयाच्या पंचाहत्तरीस टेकलेला हा वृद्ध गोव्याच्या सत्याग्रहात उतरला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातही तो पुढे होता. २८ नोव्हेंबर १९६७ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले. विशीत घेतलेली शपथ सत्त्याऐंशीव्या वर्षापर्यंत निभावली गेली.

आता ज्या प्रश्नासाठी आम्ही हे चरित्र हाती घेतले, त्याकडे वळू. बापटांच्या आयुष्यावरून विद्यार्थ्यांनी राजकारणात पडावेच असे सिद्ध होत नाही, आणि पडू नये असेही होत नाही. जे दिसते ते एवढेच की मुलास ज्या वयात शपथ घ्यावीशी वाटते, त्या वयात त्यास परिणामांची पुरती जाण नसते. आणि ज्या वयात जाण येते, त्या वयात शपथ घेण्याची उमेद बहुधा उरलेली नसते. या दोहोंमध्ये पूल बांधण्याचे काम वडीलधाऱ्यांचे आहे. तो पूल छापील अटीने बांधला जात नाही. अटीने मुलगा गप्प बसतो, किंवा लपून करतो. जे अंगणात झाले असते ते माजघरात होते, आणि मग आपणांस कळते ते पोलिसांकडून वा वर्तमानपत्रांतून.

म्हणून मुलाने एखाद्या मंडळात नाव घातल्याचे आपणांस सांगितले, तर त्यास दोनच गोष्टी विचाराव्यात असे आम्हांस वाटते. पहिली ही की जे तू तेथे करतोस ते आपल्या नावानिशी चारचौघांत सांगू शकशील काय. दुसरी ही की त्याची किंमत कोण देणार, तू की दुसराच कोणी. एडिंबरोच्या निबंधाची किंमत बापटांनी स्वतः दिली. मुझफ्फरपूरच्या बाँबची किंमत त्या गाडीतील दोन स्त्रियांनी दिली. या दोन प्रसंगांतील अंतर ज्या मुलास समजले, त्याच्या हाती राजकारण सोपविण्यास हरकत नाही. आणि ज्यास समजले नाही त्यास ते समजावून देण्यासाठी तो आपल्याशी बोलता राहिला पाहिजे.

आमच्या समितीतील काहीजणांस अजूनही अट असावी असे वाटते, आणि त्यांच्या मताचा आम्ही अनादर करीत नाही. देणगीचा पैसा सभासदांच्या घामाचा आहे. तो अभ्यासास लागावा ही अपेक्षा रास्त आहे. म्हणून अभ्यासाची अट ठेवावी, ती कडक ठेवावी, गुण कमी झाल्यास जाब विचारावा. परंतु मताबद्दल जाब विचारण्याचा अधिकार आपल्या थोड्याशा रुपयांनी आपणांस मिळतो काय, याचा विचार सभेने करावा. ज्या विद्यार्थ्याने आम्हांस पत्र लिहिले त्याने आपले नाव लपविले नाही. त्याच्या पक्षाशी आमच्यापैकी कित्येकांचे मुळीच पटत नाही. त्याची शिष्यवृत्ती निर्णय होईपर्यंत आम्ही चालू ठेवली आहे.

मंगळदास नाथूभाई यांची देणगी थोर होती, आणि तिचे नाव आजही आदराने घेतले जाते. परंतु तिच्या लाभार्थ्यांत एक नाव असे आहे की ज्याची मदत बंद करावी लागली, आणि इतिहासाने लक्षात ठेवले ते नाव तेच. आपल्या यादीतून कोणते नाव खोडावयाचे हे ठरविताना आपल्या हातातील पेन्सिलीस एवढी आठवण असावी. सेनापतींच्या पवित्र स्मृतीस आमचे विनम्र अभिवादन.